बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचं लेखी रूप)

 

मी बचत गटांची समन्वयक आहे. चौदा गट, नऊ गावं, आणि त्या सगळ्यांना जोडणारी एक स्कूटर. शिक्षण म्हणाल तर बीए, तेही मराठी घेऊन. गाडीतल्या विजेशी माझा काही संबंध नव्हता. चावी फिरवायची, सेल्फ दाबायचा, निघायचं. एवढंच मला येत होतं. पुढचं शिक्षण मला मोगराळे घाटात मिळालं, डिसेंबर महिन्यात, संध्याकाळी सव्वासात वाजता.

त्या दिवशी फलटणला बँकेचं काम होतं. दोन गटांची कर्जप्रकरणं, कागद, सह्या. काम उरकेपर्यंत दिवस मावळला. पिशवीत दोन रजिस्टरं, चार पासबुकं आणि एका सभासदाच्या शेळ्यांसाठी काढलेले अठरा हजार रुपये. दहिवडीकडं यायला निघाले. मोबाइल उतरला होता म्हणून गाडीच्या चार्जरला लावला. घाट सुरू झाला आणि एका वळणावर हॉर्न दाबला, तर तो घसा बसल्यासारखा वाजला. मला गंमत वाटली. मग इंडिकेटर लुकलुकायचा थांबला आणि नुसताच मंद पेटून राहिला. हेडलाइट पांढऱ्याचा पिवळा झाला. पुढच्या वळणावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ दाबला, नुसतं टिक झालं. किका मारल्या, पाय भरून आला. काही नाही.

रस्त्यावर मिट्ट काळोख आणि मांडीवर अठरा हजारांची पिशवी. सुदैवानं फलटणला कांदा टाकून रिकामी परत चाललेली एक पिकअप आली. नवरा-बायको होते. त्यांनी गाडी मागं चढवली आणि मला दारात आणून सोडलं.

घरी काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सासूबाई म्हणाल्या, “उद्यापासनं दिवस मावळायच्या आत घरात यायचं.” यांनी त्यापुढं जाऊन सांगितलं, “गाडी विकून टाकू. तुला कुठं जायचं असेल तिथं मी सोडत जाईन.” बोलणं काळजीपोटीच होतं. पण यांना सुट्टी फक्त रविवारची. आमच्या वाड्या-वस्त्यांवर दिवसातून दोनदा एसटी, आणि गटाच्या बैठका बायकांची रानातली कामं आटोपल्यावर, म्हणजे संध्याकाळीच होतात. गाडी गेली म्हणजे माझं काम गेलं, हे मला त्या रात्री स्पष्ट कळलं.

मला जास्त राग कशाचा आला होता सांगू? गाडीची बॅटरी फक्त पाच महिन्यांपूर्वी नवी टाकली होती. चौदाशे रुपये देऊन. आणि दीड वर्षातली ती दुसरी बॅटरी होती. सेल्फ लागेना की ज्या गॅरेजला नेत होते, तिथं बघून न बघून “बॅटरी गेली” म्हणायचे. मी पैसे मोजायची.

या वेळी मी दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींकडं गेले. त्यांनी स्वतःच्या दुकानातली चार्ज केलेली बॅटरी जोडून गाडी चालू केली आणि खिशातून एक छोटं मीटर काढून तिच्या दोन टोकांना लावलं. साडेबारा आकडा दिसला. त्यांनी रेस दिली. आकडा वाढायला हवा होता, तो खाली यायला लागला. बारा पॉइंट चार. बारा पॉइंट तीन. ते म्हणाले, “ताई, बॅटरीचा दोष नाही हो. घरात पैसा येतच नाही, तर पैशाचा डबा बदलून काय होणार?”

मैत्रिणींनो, हे वाक्य मला लगेच कळलं. कारण हा तर आमच्या बचत गटाचाच हिशोब आहे.

गाडीतला बचत गट

गटात तीन गोष्टी असतात. दर महिन्याला जमा होणारी बचत, पेटीतली शिल्लक, आणि त्यातून होणारा खर्च किंवा कर्ज. गाडीतल्या विजेचंही तसंच आहे.

बचत जमा करतो तो मॅग्नेट. इंजिनच्या आत एक चुंबकाची वाटी इंजिनबरोबर गरगर फिरत असते आणि तिच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी पक्की बसवलेली असते. मिस्त्री तिला कॉइल प्लेट म्हणतात. तारेजवळून चुंबक फिरला की तारेत वीज तयार होते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं १८३१ साली हे दाखवून दिलं. कोयनेचं वीजघर असो की तुमची स्कूटर, तत्त्व एकच. म्हणजे गाडी पेट्रोलवर चालते, आणि चालता चालता स्वतःपुरती वीजही बनवते.

पण ही वीज आहे तशी बॅटरीला चालत नाही. ती उलट-सुलट वाहणारी असते, घरातल्या विजेसारखी. बॅटरीला एकाच दिशेची लागते. शिवाय इंजिन जोरात फिरलं की वीज खूप जास्त तयार होते, हळू फिरलं की कमी. म्हणून मध्ये एक डबी बसवलेली असते. तिला रेक्टिफायर म्हणतात, काही जण आरआर युनिट म्हणतात. ती दोन कामं करते. विजेची दिशा एक करते, आणि साधारण साडेचौदा व्होल्टच्या वर जाऊ देत नाही. ही आपली खजिनदार समजा. आलेले पैसे मोजून घेणार, नियमाबाहेर काही घेणार नाही.

आणि बॅटरी म्हणजे पेटीतली शिल्लक. सेल्फ दाबला की पेटीतून एकदम मोठी रक्कम उचलली जाते. गाडी चालायला लागली की मॅग्नेट ती हळूहळू परत भरतो. हप्ते वेळेवर आले तर पेटी भरलेली राहते. हप्ते थांबले, तर पेटी कितीही नवी असली तरी रिकामी होणारच. माझ्या दोन्ही बॅटऱ्या अशाच गेल्या. त्यांना कायम अर्धपोटी ठेवलं गेलं. आपल्या गाड्यांची बॅटरी शिसं आणि आम्लाची असते. ती बराच काळ उतरलेली राहिली की आतल्या पट्ट्यांवर एक पांढरा कठीण थर धरतो, आणि मग ती पूर्ण चार्ज होतच नाही. म्हणजे बॅटरी खरंच खराब झाली होती, पण तो दुसऱ्याच दुखण्याचा परिणाम होता.

घाटातच का बंद पडली?

हिशोब मांडून बघू. वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात. बारा व्होल्टच्या गाडीत ३५ वॉटचा हेडलाइट म्हणजे जवळजवळ ३ अँपिअर. मागचा छोटा दिवा ५ वॉट. ब्रेक दाबला की २१ वॉट, म्हणजे पावणेदोन अँपिअर. मोबाइलचा चार्जर साधारण १ अँपिअर. त्यात पेट्रोलचा पंप आणि ठिणगी यांचा खर्च वेगळा. सगळं मिळून पाच-सहा अँपिअर सहज होतात.

माझ्या स्कूटरची बॅटरी ५ अँपिअर-अवरची. म्हणजे भरलेली असेल तर ५ अँपिअर एक तास पुरतील. ती अर्धीच भरलेली होती आणि मॅग्नेटकडून काही येत नव्हतं. मग ती किती वेळ पुरणार? जेमतेम अर्धा तास. फलटण सोडल्यापासूनचा वेळ मोजला तर हिशोब तंतोतंत बसतो.

आता तुम्ही म्हणाल, पूर्वीच्या गाड्या तर बॅटरी काढून टाकली तरी किकवर चालायच्या. खरं आहे. आमच्या मामांची जुनी मोटारसायकल वर्षभर बॅटरीशिवाय फिरली. त्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता. पेट्रोल आत जायला वीज लागत नव्हती, आणि ठिणगीपुरती वीज किक मारली की मॅग्नेटमधून मिळायची. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल विजेच्या पंपानं आत फवारलं जातं. बॅटरीत थोडी तरी ताकद असल्याशिवाय पंप फिरत नाही. त्यामुळं नव्या गाडीची बॅटरी पार उतरली तर किकचाही भरवसा नाही. शिवाय १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम पेटलेला असतो. तो सुरक्षेसाठी आहे, चांगलाच आहे. पण जमा आणि खर्च यांचा मेळ आता आपल्याला जास्त सांभाळावा लागतो.

दोष कुठं कुठं असतो

माझ्या गाडीत दोष निघाला तो अगदी क्षुल्लक. मॅग्नेटकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी एका प्लास्टिकच्या जोडात, म्हणजे कपलरमध्ये बसतात. त्यातली एक पिन सैल झाली होती. सैल जोड तापतो. घरात मिक्सरचा प्लग सैल बसला की पिन कशी काळी पडते, तसंच. तापून तापून प्लास्टिक वितळलं, एक वायर आतल्या आत सुटली, आणि शेजारचीही जळत आली. वरून बघितलं तर कपलर नुसता तपकिरी दिसत होता. नवा कपलर, थोडी वायर आणि मजुरी धरून १८० रुपये झाले. त्याआधी मी बॅटऱ्यांवर २८०० रुपये घातले होते.

मिस्त्रींना मी विचारलं, आणखी काय काय बिघडतं? त्यांनी सांगितलं ते असं.

पहिली गोष्ट, बॅटरीचे स्क्रू सैल होणं आणि टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी धरणं. हे सगळ्यात जास्त आढळतं आणि दुरुस्तीला पैसा लागत नाही.

दुसरी, फ्यूज. बॅटरीजवळच्या छोट्या डबीत असतो. तो उडाला की काही गाड्यांत सगळंच बंद होतं. फ्यूज एकदा उडाला तर त्याच आकड्याचा नवा घाला. पुन्हा उडाला तर कुठंतरी वायर शॉर्ट आहे, ती शोधायला लावा. तिथं तार किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज उडतो तो वायरिंग वाचवायला. तार घातली तर तो नाही, वायरिंग जळेल.

तिसरी, कपलर. गाडी धुताना प्रेशरचं पाणी सीटखाली आणि पुढच्या पॅनेलमध्ये मारलं की पाणी जोडात जातं आणि पिना गंजतात. आमच्या माण तालुक्यातली धूळ तर सगळीकडं शिरतेच.

चौथी, रेक्टिफायर. त्याच्या अंगावर कंगव्यासारख्या पट्ट्या असतात, त्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी. चिखलानं त्या बुजल्या की तो तापतो. तो दोन्ही बाजूंनी बिघडतो. एक तर चार्जिंग बंद करतो, नाहीतर ताबा सोडून जास्त वीज आत सोडतो. आमच्या गटातल्या दूध घालणाऱ्या एका वहिनींच्या गाडीचे बल्ब दर पंधरा दिवसांनी उडत होते आणि बॅटरीचे पोट फुगले होते. त्या प्रत्येक वेळी बल्बच बदलत होत्या. मीटर लावलं तर रेस दिल्यावर सोळाच्या वर. दोष रेक्टिफायरचा.

पाचवी, कॉइल प्लेट जळणं. हे त्या मानानं कमी होतं, पण खर्चाचं असतं, कारण इंजिनचं झाकण उघडावं लागतं. म्हणून “कॉइल गेली” असं कुणी सांगितलं, तर आधी कपलर आणि वायरी बघितल्या का, हे जरूर विचारा.

आणि सहावी, जादा लावलेल्या वस्तू. रंगीत दिव्यांची पट्टी, मोठा हॉर्न, अलार्म. मूळ वायर सोलून त्यावर चिकटपट्टी लावून जोडलेल्या असतात. किल्ली काढली तरी यातल्या काही वस्तू वीज खातच राहतात. गाडी रात्रभर उभी राहिली आणि सकाळी सेल्फ लागला नाही, तर आधी पोरानं गाडीला काय काय लावलंय ते बघा.

गाडी आधी सांगत असते

माझ्या गाडीनं मला दोन महिने सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. सकाळी सेल्फ जड फिरायचा. हॉर्नचा आवाज बदलला होता. ब्रेक दाबला की मीटरवरचे दिवे मंद व्हायचे. इंडिकेटर सावकाश लुकलुकायचा. गाडी उभी असताना असं झालं आणि रेस दिल्यावर सुधारलं, तर बॅटरी अशक्त आहे. रेस देऊनही सुधारलं नाही, तर चार्जिंग होत नाही. बल्ब वारंवार उडत असतील किंवा बॅटरी फुगली असेल, तर चार्जिंग प्रमाणाबाहेर होतंय. जुन्या काही गाड्यांचा हेडलाइट सरळ मॅग्नेटवर चालतो. तिथं रेस कमी-जास्त केली की उजेडही कमी-जास्त होतो. तो बिघाड नव्हे.

मीटर कसं लावायचं

आता कामाची गोष्ट. हे मीटर, म्हणजे मल्टिमीटर, विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. आमच्या गटानं साधं घेतलं, तीनशे रुपयांत. त्याला एक लाल आणि एक काळी वायर असते. मधली खुंटी फिरवून डीसी व्होल्ट २० वर ठेवायची. मोठ्या आकड्यांच्या किंवा अँपिअरच्या खुणेवर ठेवून बॅटरीला लावायचं नाही.

हाताला लावायच्या आधी पाटल्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण धातूची बांगडी बॅटरीच्या दोन टोकांना एकदम लागली तर ती लालबुंद तापते आणि हात भाजतो. बॅटरीजवळ उदबत्ती, काडेपेटी काही नको, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

पहिलं मोजमाप गाडी बंद असताना. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तपासली तर उत्तम. लाल वायर बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. १२.६ ते १२.८ म्हणजे पेटी भरलेली. १२.४ म्हणजे ठीक. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा.

दुसरं मोजमाप सेल्फ दाबताना. आकडा खाली जाणारच. पण १० च्या आसपास थांबला पाहिजे. आठ-सातवर कोसळला तर बॅटरी अशक्त आहे, नाहीतर टोकं सैल आहेत.

तिसरं मोजमाप सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालू करून थोडी रेस द्यायची. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आला पाहिजे. गाडी बंद असताना जेवढा होता तेवढाच राहिला किंवा उतरत गेला, तर हप्ता जमा होत नाही. पंधराच्या वर गेला, तर खजिनदाराचं काहीतरी चुकतंय.

हे करताना गाडी मोकळ्यावर, मेन स्टँडवर उभी करा. गिअर नसलेल्या स्कूटरला रेस दिली की मागचं चाक फिरतं. पदर खोचून घ्या, ओढणी बांधा, मुलांना लांब ठेवा. बंद गोठ्यात किंवा खोलीत इंजिन चालू ठेवू नका, धुराचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

तीन आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन गॅरेजला जा. “सेल्फ लागत नाही” असं सांगण्याऐवजी “बंद असताना बारा पॉइंट एक, रेस दिल्यावर बारा पॉइंट दोन” असं सांगा. समोरचा माणूस वेगळ्या तऱ्हेनं बोलायला लागतो, हा माझा अनुभव आहे. बॅटरी बदलायची म्हणाला तर बदलण्याआधी आणि बदलल्यावर, दोन्ही वेळा रेस देऊन आकडा दाखवायला सांगा. बदललेला भाग परत मागा. आणि बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.

घरच्या घरी करण्यासारखं

बॅटरीच्या टोकांवर भुकटी धरली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, वरून व्हॅसलिन लावा. टोकं सोडवताना आधी काळी, म्हणजे उणे वायर काढायची. जोडताना ती शेवटी जोडायची. हा क्रम पाळला की पाना चुकून गाडीच्या लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही.

बॅटरी पाण्याची असेल तर बाजूला दोन रेघा दिसतात. पाणी त्या दोन रेघांच्या मध्ये हवं. कमी झालं तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचं, नळाचं, फिल्टरचं चालत नाही, त्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. ॲसिडही वरून घालायचं नाही. हल्लीच्या बऱ्याच बॅटऱ्या सीलबंद असतात, त्या उघडायच्याच नाहीत. बॅटरीतलं ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर पाण्यानं बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा.

गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल, माहेरी जाणार असाल, तर उणे वायर सोडून ठेवा. आणि रोजचं फिरणं गल्लीतल्या गल्लीत असेल, दुकान, शाळा, गिरणी, दरवेळी सेल्फ आणि दोन मिनिटांचा प्रवास, तर पेटीतून उचल जास्त आणि भरणा कमी होतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास मोठ्या रस्त्यानं फिरवून आणा. नुसती दारात चालू ठेवून भागत नाही, कारण हळू फिरणाऱ्या इंजिनमधून वीज फारशी शिल्लक राहत नाही. किक असलेल्या गाडीला सकाळची पहिली सुरुवात किकनं करा.

जुनी बॅटरी भंगारात फेकू नका, मुलांच्या हाती देऊ नका. तिच्यातलं शिसं विषारी असतं. २०२२ साली आलेल्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार कंपन्यांवर जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिची किंमत वजा करून घ्या.

आणि रस्त्यातच बंद पडायला लागली तर

दिवे पिवळे पडायला लागले, हॉर्न बसला, तर इंजिन बंद करू नका. बंद केलंत तर पुन्हा सुरू होईलच असं नाही. मोबाइलचा चार्जर लगेच काढा. जादा दिवे बंद करा. ब्रेकवर पाय किंवा बोट टेकवून चालायची सवय असेल तर सोडा, तो दिवाही वीज खातो. पण वळताना इंडिकेटर आणि थांबताना ब्रेक यात काटकसर नको. जवळची वस्ती, पेट्रोल पंप, चहाची टपरी गाठा आणि तिथं थांबा. मी हे केलं असतं तर घाटाच्या पायथ्यालाच थांबले असते.

बंद पडलीच, तर गाडी रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरवा. गिअरची मोटारसायकल ढकलून दुसऱ्या गिअरवर सुरू करता येते, पण गिअर नसलेली स्कूटर ढकलून सुरू होत नाही. उगाच दम घालवू नका. पाच मिनिटं सगळं बंद ठेवून मग किक मारून बघा. बॅटरी थोडी सावरलेली असली तर कधी कधी एवढ्यावर गाडी सुरू होते. घरी फोन करून आपण नेमक्या कुठल्या किलोमीटरच्या दगडाजवळ आहोत ते सांगा.

आता आमच्या गटांत एक नवी रीत पडली आहे. महिन्याच्या पहिल्या बैठकीत बचत जमा झाली, इतिवृत्त लिहून झालं, की सगळ्या अंगणात येतात आणि ज्यांच्या ज्यांच्या गाड्या आहेत त्यांना मीटर लागतं. आकडे एका वहीत लिहितो. गेल्या सहा महिन्यांत पाच गाड्यांची दुखणी आधीच सापडली. त्यात एक गाडी आशाताईंची होती, ज्यांना रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी निघावं लागतं. दोष काय, तर बॅटरीचा एक सैल स्क्रू. तो त्यांनी स्वतः आवळला.

माझी गाडी विकली गेली नाही. कपलर बदलल्यापासून रेस दिल्यावर १४.१ दाखवते आणि संध्याकाळच्या बैठका सुरू आहेत. सासूबाईंना मी मीटर वाचायला शिकवलं. फलटणला जायचं असलं की आता त्या एवढंच विचारतात, “आज किती दावलं?” मी आकडा सांगते, आणि निघते.

तुमच्या दारातल्या गाडीचा आकडा किती, तो या आठवड्यात बघून ठेवा, मैत्रिणींनो.